लांडग्याचा दाखला आणि कुत्र्याचं ताट

कुत्र्याला कच्चं मांस आणि हाडं घालावीत की नाही, या वादात पहिला साक्षीदार म्हणून नेहमी लांडगा उभा केला जातो. कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा शिकार फाडून कच्चीच खातो, त्याच्यासाठी कुणी कुकर लावत नाही, तेव्हा कुत्र्याचं खरं अन्नही तेच, असा हा युक्तिवाद. १९९३ मध्ये इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ हे पुस्तक लिहून त्याला रीतसर आहारपद्धतीचं रूप दिलं. मांसल कच्ची हाडं, काळीज वगैरे अवयव, थोड्या भाज्या आणि धान्य जवळजवळ नाहीच, अशी ही ‘बार्फ’ पद्धत पुढे जगभर पसरली आणि आपल्याकडच्या शहरांतल्या श्वानप्रेमींपर्यंतही पोचली. कोरड्या खाद्याच्या पिशवीवरची घटकांची यादी वाचून धास्तावलेल्या माणसाला ती पटते, आणि ती धास्ती अगदीच बिनबुडाची नाही. अडचण अशी की या पद्धतीत तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत: अन्न ताजं असणं, ते घरी केलेलं असणं आणि ते कच्चं असणं. गाठोडं सोडून प्रत्येकीचा हिशेब वेगळा मांडला, तर कच्चेपणाच्या खात्यावर जमा काहीच दिसत नाही. नावे बाजू मात्र भरलेली आहे, आणि ती फेडायची वेळ अनेकदा कुत्र्यावर नव्हे, घरातल्या माणसांवर येते.

आधी लांडग्याचीच साक्ष तपासू. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांच्या जनुकसंचांची तुलना केली आणि २०१३ मध्ये ती ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाळण्याच्या काळात कुत्र्यात जे बदल निवडले गेले, त्यांत मेंदूशी संबंधित जनुकं होती हे अपेक्षितच होतं. त्यांच्या जोडीला पिष्टमय पदार्थांच्या पचनाची आणि स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाची दहा जनुकं सापडली. पिष्ट तोडणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. युरोपातल्या प्राचीन कुत्र्यांच्या अवशेषांतून मिळालेल्या डीएनएवरून ही वाढ निदान ७ हजार वर्षांपूर्वीच सुरू झाली होती असं दिसतं, म्हणजे शेती करणाऱ्या माणसाच्या उष्ट्यावर कुत्रा जगू लागला त्या काळात. शेतीशी फारसा संबंध न आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या डिंगोत आजही दोनच प्रती आहेत, ही याच गोष्टीची दुसरी बाजू.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा या बाबतीत झालेला अभ्यास तर घरचाच आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने मोकाट कुत्र्यांच्या खाण्याच्या सवयी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. ही कुत्री मुख्यतः माणसांनी टाकलेल्या भात, पोळी, बिस्किटं अशा पिष्टमय अन्नावर जगतात. मांसाचा वास आला की मोठी कुत्री तिकडे आधी वळतात, पण पिल्लांमध्ये ही निवड उपजत दिसली नाही. यावरून कुत्रा शाकाहारी आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्याला प्राणिज प्रथिनं मानवतात, आवडतात, आणि नुसत्या भाकरी-दुधावर वाढलेलं पिल्लू चांगलं पोसलं जात नाही. मुद्दा एवढाच की कुत्रा हा माणसाच्या उकिरड्यावर उत्क्रांत झालेला प्राणी आहे, आणि त्या उकिरड्यावर शिजलेलं अन्न बरंच होतं. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरोगी’ हे समीकरणही तपासून घ्यावं असंच आहे. कच्ची हाडं चावून दात स्वच्छ आणि भक्कम राहतात असं सांगतात. १९९९ मध्ये आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या २९ कवट्या तपासल्या गेल्या. दातांवर कीटण जवळजवळ नव्हतं, हे खरं. पण सुमारे ४१ टक्के कवट्यांत हिरड्यांच्या आजाराने हाड झिजल्याच्या खुणा होत्या आणि जवळजवळ निम्म्यांत मोडलेले दात होते. दात पांढरा दिसणं आणि दात निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जंतूंकडे वळू. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दुकानात कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या ३५ गोठवलेल्या कच्च्या मांसाच्या पाकिटांची तपासणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. २८ पाकिटांत महत्त्वाच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय जंतू होते, १९ मध्ये लिस्टेरिया, ८ मध्ये ई. कोलायचा ओ-१५७ हा घातक प्रकार आणि ७ मध्ये साल्मोनेला. शीतसाखळी चोख सांभाळणाऱ्या देशातली ही अवस्था. आपल्याकडे कोंबडी दुकानातल्या ओंडक्यावर तुटते, त्याच सुरीने दुसरी कापली जाते आणि काळ्या पिशवीतून उन्हातान्हात घरी येते. भारत सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक खाद्यप्राण्यांना द्यायला बंदी घातली, ती कोंबड्यांमधून माणसात येणाऱ्या औषधरोधाच्या भीतीपोटीच. मांस डीप फ्रीजरमध्ये ठेवलं की प्रश्न सुटला असंही अनेकांना वाटतं. गोठवण्याने काही परजीवींचे कोष पुरेसा काळ गेल्यावर मरतात. जीवाणू मात्र झोपतात आणि मांस वितळलं की उठून बसतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कुत्र्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्यापुढे साल्मोनेलाची काय कथा! ते निम्मंच खरं आहे. कॅनडातल्या एका प्रयोगात साल्मोनेलाने दूषित असलेलं कच्चं खाद्य १६ कुत्र्यांना एकदाच दिलं. एकही आजारी पडला नाही, पण सात कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढचे काही दिवस जिवंत साल्मोनेला बाहेर पडत राहिला. म्हणजे कुत्रा ठणठणीत दिसतो आणि जंतू घरात वावरतात. ठणठणीत दिसण्याचीही खात्री नसते. मेलबर्नच्या संशोधकांनी अचानक पाय लुळे पडलेले २७ कुत्रे आणि ४७ निरोगी कुत्रे यांची तुलना केली, तेव्हा आजारी कुत्र्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कितीतरी अधिक आढळला आणि कच्ची कोंबडी, त्यातही माना, हा त्याचा संभाव्य मार्ग ठरला. माणसात हाच जंतू गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार उद्भवायला कारण होतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात त्या आजाराची साथ आली तेव्हा हे दोन्ही शब्द घरोघरी पोचले होते. तिथे दूषित पाण्यावर संशय होता, कुत्र्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण या जंतूला हलक्यात घेऊ नये हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

“मग आपण रस्सा करायला कोंबडी आणतोच की, तेव्हा जंतू नसतात का?” हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. असतातच. पण आपल्या स्वयंपाकघरात कच्च्या मांसाचा प्रवास ओट्यावरून पातेल्यापर्यंतचा असतो आणि पातेल्यात तो संपतो. कुत्र्याच्या बाबतीत पातेलंच नाही. मांस ताटलीतून तोंडात, तोंडातून मिशांवर, पंजांवर, सतरंजीवर आणि लाडाने चाटलेल्या पोराच्या गालावर जातं, आणि हे दिवसातून दोनदा, वर्षभर चालतं. साल्मोनेला मिसळलेलं मांस ज्या भांड्यांत ठेवलं होतं, ती धुऊन जंतुनाशकातून काढल्यावरही काहींत जंतू टिकले होते, हेही कॅनडातल्याच एका प्रयोगात दिसलं आहे. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये चार जणांना ई. कोलाय ओ-१५७ च्या एकाच वाणाची बाधा झाली आणि त्यांतला एक दगावला. चौघांपैकी तिघांचा संबंध कच्चं मांस, विशेषतः वजडी, खाणाऱ्या कुत्र्यांशी आला होता.

पण भारतापुरतं बोलायचं तर मला जीवाणूंपेक्षा एका कृमीची चिंता अधिक वाटते, आणि या वादात त्याचं नाव फारसं निघत नाही. इकायनोकॉकस हा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, मातीत, केसांवर येतात. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात ती गेली की त्यांच्या यकृतात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेले कोष वाढतात. माणसाच्या पोटात गेली तरी तेच होतं. तो कोष वर्षानुवर्षं मुकाट्याने वाढतो आणि शेवटी शस्त्रक्रियेपर्यंत नेतो. ही साखळी पूर्ण व्हायला एकच कडी लागते: कोष असलेलं कच्चं काळीज किंवा फुफ्फुस कुत्र्याच्या तोंडी पडणं. १८६३ मध्ये हाराल्ड क्रॅबे हा डेन्मार्कचा शास्त्रज्ञ आइसलँडला गेला, तेव्हा त्याने तपासलेल्या कुत्र्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिकांत हा कृमी होता आणि माणसांत हा रोग सर्रास होता. त्याने सोप्या भाषेत पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली गेली. तिचं सांगणं एवढंच: कापलेल्या जनावराचे रोगट अवयव कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा. आइसलँडमधून हा रोग हद्दपार झाला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये कायदा करून कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यावर बंदी आणली, कुत्र्यांना जंताचं औषध सक्तीने दिलं आणि २००२ मध्ये रोगमुक्तीची तात्पुरती घोषणा केली. दोन देशांनी पिढ्यान् पिढ्या खपून तोडलेली कडी, हा रोग अजून ठाण मांडून असलेल्या देशात ‘आधुनिक आहार’ म्हणून पुन्हा जोडायची, यातला विरोधाभास मला पचत नाही.

हाडांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे कच्च्याच्या समर्थकांचं एक म्हणणं बरोबर आहे. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि ते कधीच देऊ नये. कच्चं हाड तेवढं ठिसूळ नसतं, पण दाढेचा टवका उडवायला किंवा अन्ननलिकेत अडकायला ठिसूळ असावं लागत नाही. लहान चणीच्या कुत्र्यांत हा अपघात पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आहारात हाडाचं काम खरं तर कॅल्शियम पुरवण्याचं. नुसत्या मांसात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १ ला २० असं असतं, कुत्र्याला ते १ ला १ ते २ ला १ या मर्यादेत हवं असतं. हाडाविना मांसावर वाढवलेल्या पिल्लाचं शरीर ही तूट स्वतःच्याच हाडांतून भरून काढतं आणि साध्या उडीने पाय मोडतो. उलट ग्रेट डेनसारख्या थोराड जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियमही तितकंच नडतं. हाडं अंदाजाने घालताना हा तोल साधला जातो का? जर्मनीत लोक घरी देत असलेल्या अशा ९५ कच्च्या आहारांचं विश्लेषण झालं, तेव्हा सुमारे ६० टक्क्यांत ठळक असंतुलन निघालं.

कारखान्यातलं खाद्य तरी निर्दोष आहे का, असा उलटा सवाल इथे होणारच. नाही. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइनमिश्रित खाद्याने कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी केली. २०२० च्या अखेरीला मक्यातल्या बुरशीच्या विषाने कुत्री मेली. हेलसिंकी विद्यापीठाच्या एका अभ्यासात, लहानपणी कच्चं मांस आणि हाडं खाल्लेल्या कुत्र्यांत पुढे आतड्याचे जुनाट विकार कमी दिसले, तर कोरडं खाद्य खाल्लेल्यांत अधिक दिसले. कच्च्याचे समर्थक हा अभ्यास हटकून पुढे करतात. त्याची माहिती मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतून आलेली आहे, त्यामुळे कारण आणि योगायोग वेगळे काढणं अवघड. पण तो खरा मानला तरी त्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. घरातल्या माणसांच्या जेवणातलं उरलंसुरलं खाणाऱ्या पिल्लांतही ते विकार कमीच होते. ते अन्न तर शिजलेलं! म्हणजे काही गुण असलाच तर तो ताज्या, विविध अन्नाचा असण्याची शक्यता जास्त. शिजवल्याने विकरं मरतात हा आक्षेपही टिकत नाही, कारण पचनाची विकरं कुत्र्याचं स्वादुपिंड स्वतः तयार करतं. काही जीवनसत्त्वं आणि टॉरीन पाण्यात उतरतात. तो रस्सा फेकू नये, अन्नातच घालावा, एवढाच त्यावर उपाय.

तेव्हा ज्याला कुत्र्याला ताजं खाऊ घालायचं आहे त्याने बिनहाडाचं मांस कुकरमध्ये नीट शिजवावं, जोडीला भात आणि भोपळ्यासारखी भाजी असावी. मसाला, कांदा आणि लसूण अजिबात नको; कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड चालते, एका कवचातून साधारण २ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण शिजवलं म्हणजे आहार आपोआप पूर्ण झाला असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. म्हणून कवचाची पूड किती, काळीज किती, वेगळं पूरक काय, हे कुत्र्याचं वजन आणि वय सांगून पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावं. इतकं वाचूनही कच्चंच घालणार असाल, तर शेळी-मेंढीचं काळीज, फुफ्फुस, वजडी तेवढी वगळा आणि पट्टकृमीवरचं औषध पशुवैद्य सांगतील त्या अंतराने चुकवू नका. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण असेल, तर कच्च्याचा विचार सोडून द्या. आणि त्या घरात कुणाला ताप-जुलाब झालेच, तर आपला कुत्रा काय खातो, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगा.