प्रिंटर संगणकाला थेट वायरने कसा जोडावा?

दूध संकलन केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय, द्राक्षाचे पॅकहाऊस, रोपवाटिका अशा बहुतेक ठिकाणी आता संगणक आणि प्रिंटर दिसतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, माती परीक्षणाचा अहवाल, पीक विम्याची पावती छापण्यासाठी काही शेतकऱ्यांनी घरीही प्रिंटर घेतले आहेत. दुकानदार बहुधा वायफायवर चालणारा प्रिंटर पुढे करतो. तो वाईट असतो असे नाही. परंतु जेथे एकच संगणक आणि एकच प्रिंटर शेजारी-शेजारी ठेवायचे आहेत, तेथे वायरची जोडणीच अधिक भरवशाची ठरते.

याचे कारण सोपे आहे. वायफायसाठी मध्ये राऊटर लागतो. वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि वीज परत आल्यावर प्रिंटरला कधी कधी वेगळा पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर त्याला शोधत राहतो. पहाटे सहा वाजता किटल्यांची रांग लागलेली असताना पावती निघाली नाही, तर फॅट आणि लिटरचे आकडे हाताने लिहावे लागतात. हाताने लिहिलेल्या आकड्यावरून पुढे दहा दिवसांनी बिलाच्या वेळी जो वाद होतो, तो आपणास ठाऊकच आहे.

कोणती वायर घ्यावी?

प्रिंटरसाठी लागणाऱ्या यूएसबी वायरचे एक टोक चपटे असते, ते संगणकात जाते. दुसरे टोक जवळजवळ चौकोनी असून त्याचे वरचे दोन कोपरे कापलेले असतात, ते प्रिंटरमध्ये जाते. नव्या लॅपटॉपला काही वेळा फक्त लहान, लांबट-गोल सी प्रकारची खाच असते. अशा वेळी एका टोकाला सी असलेली वायर किंवा छोटा जोड घ्यावा. वायर दीड ते दोन मीटरची पुरेशी आहे. पाच मीटरपेक्षा लांब वायर वापरू नये. वायरला वायर जोडून लांबी वाढवल्यास छपाई मध्येच तुटते व दोष मात्र प्रिंटरला दिला जातो.

जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जाड वायर वेगळी असते. तिला संगणकाकडे २५ पिना व प्रिंटरकडे दोन तारेच्या चिमट्यांनी धरलेले रुंद टोक असते. ही वायर लावताना व काढताना दोन्ही यंत्रे बंदच ठेवावीत. यूएसबीला मात्र हे बंधन नाही.

जोडणीचा क्रम

येथेच बहुतेकांची घाई होते. खोके उघडले की प्रथम वायर लावू नये. अनेक प्रिंटरच्या यूएसबी खाचेवर कंपनी मुद्दाम चिकटपट्टी लावून देते. प्रथम आतील बाजूस वाहतुकीसाठी लावलेल्या पट्ट्या व फोमचे तुकडे काढावेत, शाई किंवा टोनर बसवावा, कागद भरावा. नंतर संगणकात प्रिंटरचे सॉफ्टवेअर भरावे. सोबत तबकडी मिळाली तरी नव्या संगणकांना ती घालण्याची सोय बहुधा नसते. त्यासाठी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, प्रिंटरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून, सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. केंद्रावर इंटरनेट नसल्यास दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणावे. सॉफ्टवेअर सांगेल तेव्हाच वायर लावावी व प्रिंटर सुरू करावा. वायर आधी लावल्यास विंडोज स्वतःच एखादे सर्वसाधारण सॉफ्टवेअर बसवते. मग छपाई होते, पण स्कॅनिंग होत नाही किंवा शाई किती उरली ते कळत नाही.

वायर टेबलावरच्या संगणकाच्या मागील बाजूस लावणे उत्तम. मागे हात घालून अंदाजाने लावू नये. यूएसबीचे चपटे टोक शेजारच्या इंटरनेटच्या खाचेतही सैलसर बसते आणि माणूस तासभर सॉफ्टवेअरशी झगडत राहतो! एकदा ठरवलेली खाच पुन्हा बदलू नये. खाच बदलल्यास विंडोज कित्येकदा त्याच प्रिंटरची 'कॉपी १' अशी दुसरी नोंद करते, आणि पावत्या पहिल्या, निर्जीव नोंदीकडे जात राहतात.

आता विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' या क्रमाने जावे. यादीत प्रिंटरचे नाव दिसेल. न दिसल्यास 'अॅड डिव्हाइस' दाबावे. नावावर जाऊन 'प्रिंट टेस्ट पेज' दिल्यावर चाचणीचा कागद निघाला, की जोडणी झाली. त्याच पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही सोय बंद करून आपला प्रिंटर कायमचा ठरवून द्यावा. कागदाचा आकार 'लेटर' असल्यास तो 'ए फोर' करावा, नाहीतर मजकूर कडेला कापला जातो.

दूध केंद्रांवर काही ठिकाणी अजून डॉसवरचा जुना कार्यक्रम चालतो. तो थेट जुन्या एलपीटी खाचेकडे मजकूर पाठवतो, त्यामुळे यूएसबी प्रिंटर नीट जोडलेला असूनही पावती निघत नाही. तो मजकूर यूएसबी प्रिंटरकडे वळवता येतो, पण हे काम माहितगाराकडून करून घ्यावे.

विजेबाबत दक्षता

संगणक व प्रिंटर एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या प्लगने व चांगल्या अर्थिंगवर चालवावेत. अर्थिंगची पिन कापून प्लग बसवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की तो प्रवाह यूएसबी वायरमधून जातो व खाच जळू शकते. यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर आधी वायरमनला बोलवावे.

लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नये. कागदावर भुकटी पक्की करणारा त्याचा रूळ तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो व यूपीएस बंद पडून संगणकही जातो. डॉट मॅट्रिक्स आणि शाईचे लहान प्रिंटर यूपीएसवर चालतात.

छपाई अचानक थांबल्यास तोच हुकूम दहा वेळा देऊ नये. दिलेले सर्व हुकूम रांगेत साठतात आणि प्रिंटर सुरू झाला की एकाच पावतीच्या दहा प्रती निघतात. आधी कागद व वायर पाहावी, रांगेतील अडकलेले काम रद्द करावे, प्रिंटर बंद करून चालू करावा व तरीही न जमल्यास संगणक पुन्हा सुरू करावा.

पावसाळ्यात उघडे पडलेले कागद ओलावा धरून एकमेकांना चिकटतात. उरलेला गठ्ठा रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि प्रिंटरवर कापड झाकावे. पशुखाद्याची पोती त्याच खोलीत असतील, तर धुळीसाठी हे बाराही महिने करावे लागेल.