जूनो बीचच्या धक्क्यावर

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, मायामीच्या उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरवर, जूनो बीच नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ९९० फूट लांबीचा धक्का १९९९ मध्ये खुला झाला. हा धक्का बोटी लागण्यासाठी नव्हे. थोडे शुल्क देऊन कोणीही यावे, गळ टाकावा, नाही तर नुसतेच कठड्याशी उभे राहून पाण्याकडे पाहावे. नजर स्थिर ठेवलीत, तर श्वासासाठी वर आलेले एखादे तपकिरी डोकेही आपणांस दिसेल.

ते डोके कासवाचे. धक्क्याच्या दोन्ही अंगांची वाळू लॉगरहेड कासवांच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या डोक्याचे, भक्कम जबड्याचे हे कासव खेकडे आणि शंख फोडून खाते. एवढ्या कष्टांपेक्षा गळाला लावलेली कोळंबी आयती मिळाली, तर ती त्याला का नको? पण घात येथेच होतो. गिळलेले भक्ष्य बाहेर पडू नये म्हणून त्याच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूस वळलेले काटे असतात. त्यामुळे गळ आणि तंगूस, म्हणजे त्याचा नायलॉनचा दोरा, एकदा आत गेले की परत येणे कठीण. दोरा आतड्यात अडकला, तर आतडे चुणते आणि कापलेही जाते.

ही कासवे कायद्याने संरक्षित आहेत. तेव्हा गळाला कासव लागले की माणूस दंडाच्या धास्तीने दोरा कापून मोकळा होऊ पाहतो. कोणी पाहिले नाही, कासवही गेले! ते पोटात काय घेऊन गेले, हे मात्र त्याला दिसत नाही. ही धास्ती घालवणे, हेच मला खरे काम वाटते.

धक्का काउंटी सरकारचा असला, तरी २०१४ मध्ये त्याची व्यवस्था लॉगरहेड मरीनलाइफ सेंटरने हाती घेतली. या संस्थेचा आरंभ एलिनॉर फ्लेचर या बाईंनी १९८३ मध्ये मुलांच्या एका छोट्या संग्रहालयाने केला होता. आज तिचे कासवांचे रुग्णालय धक्क्यापासून जवळच आहे. म्हणजे रखवालदार आणि वैद्य एकाच घरचे! कासव लागले, तर दोऱ्याने वर ओढू नका, गळ उपटू नका, कर्मचाऱ्यांना हाक मारा, असे येथे सांगितले जाते. कळविणाऱ्यावर कोणी डोळे वटारत नाही. कडे लावलेले मोठे जाळे दोरीने खाली सोडून कासवाला अलगद वर घेतात आणि रुग्णालयात क्ष-किरणांनी गळ शोधतात. दोरा कापावाच लागला, तरी हातभर टोक राखतात. पशुवैद्याला त्यावरून गळाचा माग लागतो. हीच पद्धत पुढे इतर अनेक धक्क्यांनी उचलली.

तुटका दोरा टाकण्यासाठी अशा धक्क्यांवर नळ्या बसविलेल्या असतात. आपण गळ टाकायला गेला नसलात, तरी पायाशी दिसलेला तुकडा उचलून तीत टाकावा.