विमानातून सोडावयाच्या फ्लेअरची प्रज्वलनयंत्रणा आणि बारामती-इंदापूर भागातील मेघबीजन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या वाट्यास मात्र सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो. नीरेच्या डाव्या कालव्याखालील आणि उजनी जलाशयाच्या काठची जमीन सोडल्यास उरलेला जिरायत भाग आकाशातून जाणाऱ्या ढगांवर अवलंबून असतो. आणि हे ढग पुष्कळदा न बरसताच पूर्वेकडे निघून जातात. या भागात मेघबीजनाचे, म्हणजे लोकभाषेतील कृत्रिम पावसाचे, प्रयोग होण्याचे कारण हेच होय.

अशा प्रयोगाविषयी ‘पाऊस पडला काय?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. परंतु बीजद्रव्य विमानातून नेमके कोणत्या क्षणी, कोणत्या ठिकाणी आणि किती बाहेर पडले, हा त्याच्या आधीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर निश्चित नसेल तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरास शास्त्रीय मोल राहत नाही. हे उत्तर ज्या साधनावर अवलंबून असते ते साधन म्हणजे बीजद्रव्य सोडण्याची वा पेटविण्याची यंत्रणा. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचा विचार तिच्या मूळ स्वरूपापासून केला आहे.

१. संकेतज्योतीचा वारसा

मेघबीजनात वापरली जाणारी फ्लेअर, म्हणजे ठराविक वेळ जळणारे रासायनिक मिश्रणाचे नळकांडे, ही संकेतज्योतीची वंशज आहे. अमेरिकन नौदलातील अधिकारी एडवर्ड व्हेरी याने १८७७ साली संकेतज्योत उडविण्याचे पिस्तूल प्रचारात आणले. त्यात चाप ओढताच कमानीच्या जोराने घोडा पुढे येतो, काडतुसाच्या टोपीवर आघात होतो, आणि टोपीतील स्फोटक ठिणगी ज्योतीस बाहेर फेकते व पेटविते. पहिल्या महायुद्धात विमानातूनही ज्योती टाकण्यास प्रारंभ झाला. रात्री जमीन उजळण्यासाठी त्यांस हवाई छत्री जोडण्यात येई.

पिस्तुलातील ज्योत माणसाच्या बोटाने पेटते. विमानातून टाकलेली ज्योत मात्र बोटाचा स्पर्श सुटल्यानंतर पेटावयाची असते. म्हणून तिच्या यंत्रणेपुढे परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन अटी उभ्या राहतात. विमानात असेपर्यंत, कितीही हादरे बसले तरी, ती पेटता कामा नये. आणि विमानाबाहेर गेल्यावर, कोणाच्याही साहाय्यावाचून, ती पेटलीच पाहिजे. या दोन अटींची सांगड घालण्याचे जे प्रयत्न झाले तोच यांत्रिक प्रज्वलनाचा इतिहास होय.

२. यांत्रिक योजना

यांत्रिक योजनांचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार दोरीचा. दोरीचे एक टोक विमानास व दुसरे नळकांड्याच्या सुरक्षा-खिळीस बांधलेले असते. नळकांडे खाली पडू लागले की दोरी ताणली जाते, खीळ निघते आणि दाबून ठेवलेली कमान मोकळी होऊन टोचणीचा टोपीवर आघात होतो. काही रचनांत टोपीऐवजी काड्यापेटीतील काडीप्रमाणे घर्षणाने पेटणारे मिश्रण वापरतात. दुसरा प्रकार वातपंख्याचा. नळकांड्याच्या टोकाशी असलेला लहान पंखा पडताना वाऱ्याने फिरतो. त्याच्या फेऱ्यांनी मळसूत्र उलगडत जाते आणि ठराविक फेऱ्या झाल्यावरच टोचणी मोकळी होते. पंख्याच्या फेऱ्या कापलेल्या हवेच्या प्रमाणात होत असल्यामुळे ही योजना काळ न मोजता अंतर मोजते, हा तिचा विशेष होय. तिसऱ्या प्रकारात घड्याळाप्रमाणे दंतचक्रे वापरून काळ मोजला जातो.

पहिल्या प्रकारात टोपी फुटल्यावर ज्योत लगेच पेटू नये म्हणून मध्ये सावकाश जळणाऱ्या मिश्रणाचा एक लहान स्तंभ ठेवतात. हा विलंब का आवश्यक आहे ते साध्या गणिताने कळते. हवेचा अवरोध वगळल्यास पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर, दोन सेकंदांत २० मीटर आणि तीन सेकंदांत ४४ मीटर खाली जाते. तीन सेकंदांचा विलंब ठेवल्यास जळती ज्योत विमानाच्या शेपटीपासून पुरेशी दूर जाते.

या सर्व योजनांचे दोषही यांत्रिकच आहेत. दोरी अडकते, थंडीत वंगण घट्ट होते, शून्याखालील तापमानाच्या ढगात पंख्यावर बर्फ साचून तो थांबतो, विलंबस्तंभाचा जळण्याचा वेग तापमानानुसार बदलतो. न पेटलेले नळकांडे तसेच शेतात जाऊन पडण्याचा धोका निराळाच. परंतु प्रयोगाच्या दृष्टीने याहून मोठा दोष असा की, ढगात शिरलेली ज्योत पेटली किंवा नाही हे विमानातील निरीक्षकास दिसत नाही. टाकलेल्या नळकांड्यांची संख्या त्यास माहीत असते. पेटलेल्यांची संख्या माहीत नसते.

३. पतन आणि तापमान

अमेरिकेत १९४६ साली व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून घन कार्बन डायऑक्साइड टाकून ढगात हिमकण निर्माण केले, आणि त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचे कण हिमकेंद्रक म्हणून कार्य करतात हे दाखविले. पुढे सिल्व्हर आयोडाइडच्या फ्लेअर ढगाच्या माथ्यावरून खाली सोडण्याची पद्धत रूढ झाली. सिल्व्हर आयोडाइड साधारणतः उणे ५ अंश सेल्सिअसच्या खालीच परिणामकारक ठरते. त्यामुळे फ्लेअर कोठून सोडावी हा प्रश्न पतनाच्या गणिताशी जोडला जातो.

उदाहरणार्थ, एखादी फ्लेअर ४० सेकंद जळते आणि तिचा स्थिर पतनवेग सेकंदास ३० मीटर आहे असे धरू. ती जळत असताना १२०० मीटर खाली येईल. ढगात दर किलोमीटरला तापमान सुमारे ६ अंशांनी बदलते असे मानल्यास, उणे ८ अंशांच्या पातळीवर पेटलेली फ्लेअर ५०० मीटर उतरताच उणे ५ अंशांवर येते. म्हणजे पहिली १७ सेकंदे कामी येतात. उरलेल्या २३ सेकंदांत निघालेले कण ऊर्ध्वप्रवाहाने पुन्हा वर नेले नाहीत तर व्यर्थ जातात. संपूर्ण ज्वलन उपयोगी पडावयाचे तर ती उणे १२ अंशांच्या पातळीवरच पेटली पाहिजे.

पावसाळ्यात दख्खनच्या पठारावर शून्य अंशाची पातळी सुमारे ५ किलोमीटर उंचीवर असते. पर्जन्यछायेतील पुष्कळसे ढग तेथवर पोहोचतच नाहीत. त्यांत हिमकण नसतात; लहान जलबिंदूंची टक्कर व मीलन होऊनच पाऊस तयार होतो. १० मायक्रॉन त्रिज्येचे दहा लक्ष बिंदू एकत्र यावेत तेव्हा १ मिलिमीटर त्रिज्येचा एक पावसाचा थेंब बनतो. अशा उष्ण ढगांसाठी आर्द्रताग्राही बीज, म्हणजे मीठ किंवा तत्सम क्षार, वापरावे लागते.

४. बारामती परिसरातील प्रयोग

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सह्याद्रीच्या पूर्वेस अहमदनगर-बारामती पट्ट्यात नेमका हाच प्रयोग केला. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशा ११ पावसाळ्यांत, ४८०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, उपकरणांनी सज्ज विमान ढगाच्या तळापासून २०० ते ३०० मीटर वर ढगात शिरून मिठाची बारीक पूड सोडीत असे. येथे फ्लेअर नव्हती. बीज पुडीच्या रूपाने बाहेर पडे.

प्रयोगाची आखणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दोन क्षेत्रे निवडून त्यांच्यामध्ये एक अलिप्त पट्टा ठेवला होता. त्या दिवशी कोणत्या क्षेत्रात बीजन करावयाचे हे यदृच्छेने ठरे. दुसरे क्षेत्र तुलनेसाठी राही. नंतर दोन गुणोत्तरे काढण्यात येत: पहिल्या क्षेत्रातील बीजन-दिवसांचा पाऊस भागिले त्याच दिवसांचा दुसऱ्या क्षेत्रातील पाऊस, आणि दुसऱ्या क्षेत्रातील बीजन-दिवसांचा पाऊस भागिले त्या दिवसांचा पहिल्या क्षेत्रातील पाऊस. या दोन गुणोत्तरांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे बीजनाचा परिणाम. एक क्षेत्र मुळातच अधिक पावसाचे असले तरी या कृतीने तो फरक नाहीसा होतो.

निष्कर्ष दुहेरी आला. ज्या ढगांची जाडी १ किलोमीटरहून अधिक आणि जलांश घनमीटरला अर्ध्या ग्रॅमहून अधिक होता, त्यांच्या पावसात २४ टक्के वाढ आढळली. ती ४ टक्के पातळीवर सार्थ होती. याहून उथळ ढगांत बीजन केले असता ते विरून जाण्याकडे कल दिसला. पर्जन्यछायेतील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. चुकीच्या ढगात टाकलेले बीज केवळ वाया जात नाही, तर असलेला ढगही मोडू शकते.

५. पुडीकडून फ्लेअरकडे

या प्रयोगात मिठाच्या कणांचा आकार मुख्यत्वे १० मायक्रॉन, आणि प्रमाण ढगातील हवेच्या दर लिटरमागे एक कण असे होते. १० मायक्रॉन व्यासाच्या कणाचे वस्तुमान सुमारे १.१ नॅनोग्रॅम भरते. एक घन किलोमीटर ढगात एक लाख कोटी लिटर हवा असते. म्हणजे तेवढ्या ढगास तत्त्वतः सुमारे १.१ किलो मीठ पुरते. प्रत्यक्षात पूड दमट हवेत गोळा होते, सर्वत्र सारखी पसरत नाही, आणि म्हणून तिचे पुष्कळ अधिक वजन वाहून न्यावे लागते.

दक्षिण आफ्रिकेत ग्रॅमी मॅथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण निराळ्या मार्गाने सोडविली. कागद-कारखान्याच्या धुराचा ढगांवर होणारा परिणाम पाहून त्यांनी क्षारकण निर्माण करणारी फ्लेअर वापरली. तिच्या ज्वलनातून अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण निघतात. व्यास विसावा हिस्सा झाला म्हणजे वस्तुमान आठ हजारावा हिस्सा होते. त्यामुळे तेवढ्याच क्षारातून आठ हजारपट कण मिळतात. ही फ्लेअर खाली टाकली जात नाही. ती विमानाच्या पंखास लावलेल्या चौकटीतच काही मिनिटे जळते, आणि विमान ढगाच्या तळाखाली, ऊर्ध्वप्रवाहात, फिरत राहते. वर जाणारी हवाच बीज ढगात नेते.

पेटविण्याचे कामही आता कमान व टोचणी करीत नाहीत. वैमानिकाने कळ दाबताच बारीक रोधक तारेतून विद्युत्प्रवाह जातो, तार तापते आणि मिश्रण पेट घेते. माथ्यावरून सोडावयाच्या फ्लेअरमध्येही हाच प्रवाह लहानशा दारूच्या साहाय्याने नळकांडे बाहेर ढकलतो व विलंबस्तंभ पेटवितो. दोरी, पंखा आणि दंतचक्रे यांची जागा एका मंडलाने घेतली आहे. तथापि जुन्या दोन अटी कायम आहेत. सुरक्षा-खिळीऐवजी उड्डाणापूर्वी खुला ठेवलेला विद्युत्खटका ते काम करतो.

६. स्थळ-काळाची नोंद

विद्युत्प्रज्वलनाचा खरा लाभ सोयीपेक्षा नोंदीत आहे. बीजन करणारे विमान सेकंदास सुमारे ७० मीटर जाते असे धरल्यास, निरीक्षकाने वहीत घातलेल्या वेळेत एका मिनिटाची चूक झाली तर स्थळात ४.२ किलोमीटरची चूक होते. एवढ्या अंतरात विमान एका ढगातून दुसऱ्यात किंवा बीजनक्षेत्रातून अलिप्त पट्ट्यात गेलेले असू शकते. विद्युत्स्पंदाची वेळ व विमानाचे उपग्रहाधारे मिळालेले स्थान एकत्र नोंदले गेल्यास हीच चूक एका सेकंदावर, म्हणजे ७० मीटरवर, येते.

या नोंदीचे महत्त्व बारामती व इंदापूर यांच्या संदर्भात सहज पटते. दोन्ही गावांमध्ये सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर अंतर आहे, आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ढगाच्या पातळीवर वाऱ्याचा वेग सेकंदास १० मीटर आणि ऊर्ध्वप्रवाह सेकंदास २ मीटर असेल, तर बारामतीवर सोडलेले बीज एक किलोमीटर वर चढेपर्यंत ५०० सेकंद लागतात व ते ५ किलोमीटर पूर्वेस सरकते. त्यानंतर पाऊस तयार होण्यास २५ मिनिटे लागली तर ढग आणखी १५ किलोमीटर पुढे जातो. म्हणजे बारामतीवर पेरलेला ढग इंदापूरच्या वाटेवर मध्येच कोठेतरी बरसणार. इंदापूर गाठण्यास लागणाऱ्या सव्वा तासापर्यंत तो बहुधा टिकणारच नाही. बीजनाचा क्षण ठाऊक नसेल, तर कोणत्या गावाच्या पर्जन्यमापकाकडे पाहावयाचे हेही ठरविता येत नाही. मग एका तालुक्यात ‘पाऊस पाडला’ आणि दुसऱ्यात ‘ढग पळविले’ अशा दोन्ही तक्रारी सारख्याच निराधार राहतात.

पंखावर जळणाऱ्या फ्लेअरचा आणखी एक गुण असा की, विमान उतरल्यावर तिचे नळकांडे हाती असते. प्रवाह गेला म्हणून ती पेटलीच असे म्हणता येत नाही. परंतु जळालेले व न जळालेले नळकांडे जमिनीवर मोजता येते. टाकलेल्या ज्योतीच्या बाबतीत कधीच न मिळणारा पुरावा येथे मिळतो.

२०१८ व २०१९ साली याच संस्थेने सोलापूर येथे कॅल्शियम क्लोराइडच्या फ्लेअर वापरून, ढगांची यादृच्छिक निवड करून प्रयोग केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही ठिकाणी ४६ टक्के, आणि वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर सरासरी १८ टक्के, पर्जन्यवाढ आढळली. या आकड्यांचा अर्थ मर्यादेत घ्यावयास हवा. ज्या ढगातून ५ मिलिमीटर पाऊस पडला असता त्यातून १८ टक्के वाढीने ५.९ मिलिमीटर पडेल. जो ढग आलाच नाही त्यातून काहीही पडणार नाही.

एवढी लहान वाढ नैसर्गिक चढउतारांतून वेगळी ओळखता येणे हाच या शास्त्रातील खरा कसोटीचा भाग होय. ती ओळखण्याची साखळी यदृच्छ निवड, तुलनाक्षेत्र, पर्जन्यमापक आणि गणित यांतून जाते. परंतु तिचा पहिला दुवा फ्लेअर पेटविणारी यंत्रणा हाच आहे. बारामती-इंदापूरच्या जिरायत भागासाठी पुढे कोणतीही योजना आखली गेली, तर ढगावर किती फ्लेअर खर्ची पडल्या यापेक्षा प्रत्येक फ्लेअर केव्हा, कोठे आणि कोणत्या जाडीच्या ढगाखाली पेटली याची नोंद प्रथम मागितली जाणे अगत्याचे आहे.