कपाशीवरील करडा सोंडकिडा : वर्गीकरण आणि त्याचे महत्त्व

यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा होय. येथील कपाशीवरील बोंडअळी, मावा व तुडतुडे यांची चर्चा विपुल होते. पानांच्या कडा कुरतडणारा करडा सोंडकिडा मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्याचे वर्गीकरण व त्यातून मिळणारे व्यावहारिक मार्गदर्शन यांचा विचार केला आहे.

वर्गीकरणातील स्थान : ढालपंखी कीटकांच्या कोलिऑप्टेरा गणात कर्क्युलिऑनिडी हे सोंडकिड्यांचे कुल आहे. त्यातील एन्टिमिनी उपकुलात मायलोसेरस ही प्रजाती येते. कपाशीवर आढळणाऱ्या मायलोसेरस अनडेसिमपस्टुलॅटस या जातीचे वर्णन फाउस्ट यांनी 1891 मध्ये केले. 1916 मध्ये गाय मार्शल यांनी ब्रिटिश भारतातील प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत भारतीय सोंडकिड्यांचा सविस्तर परामर्श घेतला. मांड्यांवरील काटे, शृंगिकांची रचना व अंगावरील शल्कांचा रंग या लक्षणांवरून निकटच्या जाती वेगळ्या ओळखल्या जातात. मॅक्युलोसस हा प्रकार काही ग्रंथांत स्वतंत्र जाती, तर काहींत उपजाती मानला आहे.

जीवनक्रम : साठवणीच्या धान्यातील सोंडे लांब सोंडेने दाण्यास छिद्र पाडून त्यात अंडी घालतात, अळी दाण्यातच वाढते. एन्टिमिनी उपकुलातील कीटकांची सोंड आखूड व रुंद असते. करड्या सोंडकिड्याची मादी जमिनीत अंडी घालते, अळ्या मुळे खातात आणि कोशावस्थाही मातीतच पूर्ण होते. पानांवर दिसतो तो केवळ प्रौढ कीटक.

व्यावहारिक महत्त्व : अमेरिकेत कापसाचा विध्वंस करणारा बोंड सोंडकिडा वेगळ्या उपकुलातील असून तो भारतात आढळत नाही. भारतात 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतील प्रथिन पतंगवर्गीय अळ्यांवर परिणाम करते. ढालपंखी असलेल्या या किडीवर नाही. त्यामुळे बीटी शेतात कुरतडलेली पाने दिसली, तरी तेवढ्यावरून बोंडअळीचा निष्कर्ष काढून फवारणी करणे चुकीचे ठरते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले, हे येथे विसरता येत नाही. प्रौढ कीटक झाड हलवून कापडावर गोळा करता येतात. मशागतीने जमिनीतील अळ्या उघड्या पडतात.

निष्कर्ष : किडीची अचूक ओळख हा नियंत्रणाचा पहिला टप्पा होय. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांनी परिसरातील सोंडकिड्यांचे नमुने शेत, पीक व दिनांकाच्या नोंदीसह जतन केल्यास ही ओळख शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू शकेल.