वेल्डिंगनंतर स्टेनलेसला पुन्हा आच द्यावी का?

साध्या पोलादाचा जाड सांधा वेल्ड केल्यानंतर तो पुन्हा तापवून सावकाश थंड करणे हा अभियांत्रिकीतील जुना आणि योग्य रिवाज आहे; परंतु हाच रिवाज स्टेनलेस स्टीलला सरसकट लावला तर सांधा सुधारण्याऐवजी बिघडतो, आणि अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात त्या बिघाडाची किंमत लवकर मोजावी लागते.

वेल्डिंगमध्ये वितळलेला धातू थंड होताना आकसू पाहतो, पण शेजारचा थंड पत्रा त्याला आकसू देत नाही. त्यामुळे सांध्यात जो ताण कायमचा अडकून राहतो त्याला अवशिष्ट ताण म्हणतात. साध्या पोलादाचा सांधा सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठरावीक वेळ तेथेच राखला की हा ताण बराचसा सैल होतो आणि वेल्डशेजारचा कठीण झालेला भागही मऊ पडतो.

नेमके हेच तापमान घातक का?

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे. हे प्रमाण किमान १०.५ टक्के असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो, आणि तो खरवडला गेला तरी हवेत पुन्हा धरतो. टाक्या, भांडी आणि नळकाम यांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. अशा निकेलयुक्त गटाला ऑस्टेनिटिक म्हणतात. हे पोलाद साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळले, तर त्यातील कार्बन क्रोमियमशी संयोग पावून क्रोमियम कार्बाइड बनवतो आणि ते धातूच्या कणांच्या सीमांवर साचते. सीमेलगतचे क्रोमियम असे खर्ची पडले की तेवढ्या अरुंद भागात संरक्षक थर नीट धरत नाही. या अवस्थेला सेन्सिटायझेशन म्हणतात. साध्या पोलादाला गुण देणारे ६०० ते ६५० अंश या घातक पट्ट्यात अगदी मधोमध येतात, म्हणूनच ३०४ च्या सांध्यावर ताण काढण्यासाठी तेवढी आच देणे हे औषध म्हणून विष देण्यासारखे आहे.

या बिघाडाची खूण ओळखता येते. गंज वेल्डच्या मण्यावर न येता त्याच्यापासून काही मिलिमीटर अंतरावर, मण्याला समांतर रेषेत उमटतो, कारण वेल्डिंगच्या वेळी नेमका तोच भाग घातक तापमानात राहिलेला असतो.

खारपाण आणि सांधा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर या भागांत भूजल खारे आहे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हा स्टेनलेसच्या संरक्षक थराचा मुख्य शत्रू असून, तो दुबळ्या जागी बारीक पण खोल छिद्रे पाडतो. पाणी गरम असेल आणि सांध्यात ताण अडकलेला असेल तर चिराही पाडू शकतो. अशा पाण्याच्या टाकीसाठी उपाय भट्टीत नसून निवडीत आणि कारागिरीत आहे. ०.०३ टक्क्यांहून अधिक कार्बन नसलेली ३०४एल, किंवा मॉलिब्डेनम असलेली आणि छिद्रगंजाला अधिक दाद न देणारी ३१६एल ही प्रत घ्यावी, करंट बेताचा ठेवावा, आणि एका फेरीनंतर दुसरी फेरी मारण्यापूर्वी सांधा सुमारे १५० अंशांखाली येऊ द्यावा. वेल्डशेजारी उमटणारे पिवळे, तपकिरी, निळे पट्टे केवळ दिसायला वाईट नसतात. त्याखालील धातूत क्रोमियम घटलेले असते, म्हणून ते घासून किंवा पिकलिंगच्या आम्लाने, पुरेशी काळजी घेऊन, काढावे लागतात.

सेन्सिटायझेशन झालेला सांधा पूर्ववत करायचा तर तो १०४० ते ११०० अंशांपर्यंत नेऊन पाण्यात झटकन थंड करावा लागतो, म्हणजे कार्बाइड विरघळते आणि पुन्हा साचायला वेळ मिळत नाही. मोठ्या टाकीच्या बाबतीत हे सहसा शक्य नसते, कारण तेवढी भट्टी हाताशी नसते आणि पातळ पत्रा वेडावाकडा होतो.

जेथे आच अटळ आहे

याच वऱ्हाडात उलट नियमही लागू पडतो. पारस येथे २५० मेगावॅटचे दोन, तर अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे २७० मेगावॅटचे पाच औष्णिक संच आहेत. अशा केंद्रांत अतितप्त वाफेच्या नळ्यांसाठी सुमारे ९ टक्के क्रोमियमचे, स्टेनलेसच्या उंबरठ्यावरचे पोलाद वापरण्याची पद्धत आहे. ते वेल्डनंतर कठीण व ठिसूळ होते, म्हणून ते आधी सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून जोडतात, मग सुमारे १०० अंशांखाली उतरू देतात आणि त्यानंतर सुमारे ७५० अंशांवर राखतात. विद्युत तापक पट्ट्या गुंडाळून, थर्मोकपल लावून आणि तापमानाचा आलेख कागदावर नोंदवून हे काम केले जाते. पंपाचे दांडे, झडपा यांसाठी वापरले जाणारे ४१० हे मार्टेन्सिटिक स्टेनलेसही याच वर्गात मोडते. मात्र त्याच बॉयलरमधील ऑस्टेनिटिक नळ्यांच्या आपसातील सांध्यांना बहुधा ही प्रक्रिया लागत नाही.

तेव्हा आच द्यावी की नाही याचे उत्तर पोलादाची प्रत कळल्याशिवाय देता येत नाही, आणि प्रत चुंबक लावून कळत नाही, कारण स्वस्त २०२, नेहमीची ३०४ आणि ३०४एल यांपैकी एकही पत्रा चुंबकाला सहसा चिकटत नाही. टाकी बनवून घेणाऱ्या शेतकऱ्याने, डाळमिलवाल्याने वा नगरपालिकेने मागणीपत्रातच प्रत लिहावी, पत्र्याचे कारखाना-प्रमाणपत्र मागावे आणि सांध्यावरचे रंगीत पट्टे काढल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये.