फुफ्फुसातलं गळू आणि हिरड्यांचा माग

हिवरा आश्रमहून एका वाचकांनी विचारलं आहे : धाकट्या भावाला तीन आठवडे ताप, खोकला, वजन उतरलेलं. घरात सगळ्यांनी क्षयच धरला. मेहकरला एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात गळू आहे. गळू मांडीला होतं, काखेत होतं. छातीच्या आत कसं झालं?

पहिली खूण बेडक्याच्या वासात आहे. क्षयाच्या बेडक्याला सहसा घाण वास नसतो. या गळवाचा बेडका मात्र बऱ्याचदा इतका कुजका येतो, की शेजारचा आपली खाट सरकवतो. तरी क्षयासाठी थुंकी तपासायचीच, नुसत्या नाकावर भागत नाही. हा कुजका वास आणणारे जंतू गोबरगॅसच्या टाकीतल्या जंतूंच्या स्वभावाचे : हवा सोसत नाहीत, कोंडलेल्या जागी फोफावतात.

मग हवेनेच भरलेल्या फुफ्फुसात ते आले कुठून? डेव्हिड स्मिथ या अमेरिकी डॉक्टरने १९२०च्या दशकात हा माग काढला. मृतांच्या फुफ्फुसातल्या गळवात त्याला जे जंतू दिसले, तेच दात आणि हिरडीच्या फटीत सापडतात. मग त्याने ते प्राण्यांच्या श्वासनळीत सोडून पाहिले. एकेकटा जंतू काही करेना. चार जातींचे एकत्र सोडले, तेव्हा गळू झालं. टोळीनेच साधणारं काम! पेनिसिलीनच्या फ्लेमिंगचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक. स्मिथला कुणी ओळखत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

झोपेत थोडी लाळ अनेक धडधाकट माणसांच्याही श्वासनळीत उतरते. खोकला ती परतवतो. दारूची धुंदी, फिट, पक्षाघात यांत खोकलाच निजलेला असतो. उजवी श्वासनळी रुंद आणि सरळ, म्हणून गळू बहुधा उजवीकडे. तेव्हा भावाला आधी फिट आली होती का, हिरड्यांतून पू येतो का, हे डॉक्टरांना सांगा. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला असं गळू झालं, तर डॉक्टर आतल्या कर्करोगाचीही शंका घेतात.

एक्स-रेत पोकळी दिसते आणि तिच्यात माठातल्या पाण्यासारखी पुवाची आडवी रेघ. प्रतिजैविकांनी ताप आठवडाभरात उतरू लागतो आणि तिथेच अनेकजण गोळ्या सोडतात. तसं करू नका. पोकळी भरायला कित्येक आठवडे लागतात. पुन्हा एक्स-रे काढून डॉक्टर सांगतील तेव्हाच औषध थांबवायचं. चिरा बहुतेकांना द्यावा लागत नाही. जंतू ज्या श्वासनळीतून आत गेले, तिच्यातूनच पू खोकल्यावाटे बाहेर पडतो.