कोंबड्यांच्या पायांखालची जमीन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबड्यांवर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. परंतु माझ्या वह्यापुस्तकांचा खर्च आजवर अंड्यांतून निघाला आहे, तेव्हा विषय मला परका नाही. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले नार्नूर हे माझे गाव. जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की चप्पल रुतून बसते. अशा जमिनीवर आईने कोंबड्यांसाठी १२ फूट लांब, १० फूट रुंद वाडगे केले आहे. एका कोपऱ्यात खुराडे, त्यावर पत्रा.

दोन वर्षांपूर्वी आषाढात तेथे २२ पिल्ले होती. श्रावण लागेपर्यंत ९ उरली. पिल्ले पिसे फुगवून, पंख पाडून बसत, विष्ठेत रक्त दिसे, आणि दोन-तीन दिवसांत मरत. आपली स्वच्छता कमी पडते असे आईला वाटले. ती रोज पहाटे खराट्याने जमीन झाडी आणि वरून बादलीभर पाणी मारी. "आता आणखी किती झाडू रे?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर पशुवैद्यकांकडे होते. हा रोग रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. त्याचे सूक्ष्म जंतू आतड्यात वाढतात आणि त्यांची बीजे विष्ठेतून बाहेर पडतात. गंमत अशी की, ताज्या विष्ठेतले बीज लगेच रोग देत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकते, आणि मग पिल्लाने तेथे चोच मारली की पोटात जाते. म्हणजे आई विष्ठा झाडत होती हे खरे, पण पाणी मारून उरलेले बीज पिकवतही होती! उरलेल्या पिल्लांना पाण्यातून अँप्रोलियम दिले. मात्र जमीन ओली राहिली तर औषध किती वेळा देणार?

तेव्हापासून पाणी मारणे बंद झाले. पत्र्याखाली आम्ही सोयाबीनचे कुटार तीन इंच पसरले. भाताचे तूस किंवा शेंगांची टरफलेही चालतात, पण कुटार घरचे, फुकटचे. ते वाळलेले मात्र हवे; बुरशी आलेल्या कुटाराने कोंबड्यांची फुफ्फुसे बिघडतात. विष्ठेतली ओल कुटार शोषून घेते, कोंबड्या ते उकरून मोकळे करतात, आणि आत हळूहळू खत तयार होते. आठवड्यातून एकदा आम्ही ते दाताळ्याने खालीवर करतो आणि वर नवे घालतो. मूठभर कुटार दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर घट्ट गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तो अमोनिया. तो आपल्याला जाणवेपर्यंत खाली बसणाऱ्या पिल्लांना त्रास सुरू झालेला असतो. सर्वांत जास्त ओल पाण्याच्या भांड्याभोवती होते. ते आता विटांवर, कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवले आहे.

उघड्या भागाने मात्र आम्हाला दमवले. मी मोठ्या हौसेने गवत लावले आणि १५ कोंबड्यांनी आठ दिवसांत त्याची काडीही ठेवली नाही. शेवटी मुरूम टाकून जागा वीतभर उंच केली, बाहेरून चर काढला, आणि एका कडेला विटांवर जाळी ठेवून तिच्याखाली गवत वाढवले. जाळीतून वर येणारे शेंडे कोंबड्या खातात. मुळांपर्यंत त्यांना पोचता येत नाही. दुसऱ्या कोपऱ्यात राखेचा खड्डा आहे. त्यात लोळून त्या उवा झाडतात.

माझ्या शाखेला शोभेल असा हिशेबही देतो. मुरूम घरच्या बैलगाडीने आणला, जाळी जुनीच, चुना तेवढा विकत. गेल्या पावसाळ्यात १८ पिल्लांपैकी दोन गेली, त्यांतले एक मांजराने नेले. पाडव्याच्या सुमारास सारे कुटार काढून आईने त्याचा ढीग घातला आहे. ताजे घातले तर रोपे जळतात, म्हणून दोन-तीन महिने तो कुजू द्यायचा. मग ते वांग्यांना जाईल. शेजारच्या काकूंनी त्यातल्या दोन पाट्या आधीच मागून ठेवल्या आहेत.